सिमल्याचा जाहीरनामा आणि कापलेलीं पत्रें



इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत युद्धाच्या प्रत्येक प्रकरणाचा आरंभ 'युद्धाचीं कारणें' या मथळ्यानें होत असतो. कारणांना अनुक्रमांक दिलेले असतात. मुलें तीं पाठ करतात, परीक्षेंत उतरवितात, आणि परीक्षक एकेका कारणामागें एकेक गुण देऊन मोकळा होतो. माझें सारें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें. त्या काळांत एखादा चौकस विद्यार्थी मधूनच उठून विचारी, "गुरुजी, हीं कारणें ठरविलीं कोणीं?" प्रश्न पोरवयाचा असला तरी पोरकट खास नाहीं. युद्धाचें कारण बहुधा युद्ध पुकारणारानेंच सांगितलेलें असतें. तें त्याच्या मनांतील खरें कारण असतेंच असें नाहीं. आणि खुद्द त्याच्या पदरच्या जाणत्या माणसांना तें पटलेलें असतेंच, असेंही नाहीं.

आज ज्या युद्धाची हकीकत मी सांगणार आहें, तें इंग्रजांचें पहिलें अफगाण युद्ध होय. १८३८ सालीं तें पुकारलें गेलें आणि १८४२ सालीं संपलें. त्यांतील लढायांचें वर्णन करण्याचा माझा हेतु नाहीं. हें युद्ध कां केलें, याविषयीं इंग्रज लोकांत आपसांत जो वाद माजला व जो पुढें वीस वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिला, तो वाद आपल्या विचाराचा विषय आहे. आपल्या मुंबईचा त्याच्याशीं अनेक ठिकाणीं संबंध येतो, आणि त्या युद्धाचा खर्च तर सर्व हिंदुस्थानच्या रयतेनें सोसला आहे. म्हणून हा केवळ परक्या घरांतील तंटा आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

त्या काळीं इंग्रजांची सत्ता सतलज नदीपर्यंत पोंचली होती. सतलजेपलीकडे पंजाबांत महाराजा रणजितसिंग राज्य करीत होते. आणि त्यांच्याही पलीकडे, खैबर घाटाच्या पाठीशीं, काबूल येथें अमीर दोस्त महंमद खान याचा अंमल होता. अफगाणांचें पेशावर शहर शिखांनीं १८३४ सालीं आपल्या राज्यास जोडलें होतें, आणि तें परत मिळावें असा अमीराचा ध्यास होता. काबूलच्या गादीवरून १८०९ सालीं पदच्युत झालेला शहा शुजा हा लुधियाना येथें इंग्रजांचें पेन्शन खात दिवस काढीत होता. गादी परत मिळविण्याचा त्याचा १८३४ सालचा प्रयत्न कंदाहारच्या पराभवानें फसला होता. पश्चिमेस इराणच्या शहानें नोव्हेंबर १८३७ मध्यें हेरातला वेढा दिला, आणि त्याला रशियाच्या वकिलाची फूस होती. इराणला पुढें करून रशिया हिंदुस्थानच्या वेशीशीं येऊन ठेपेल, ही भीति लंडन व कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या मुत्सद्द्यांच्या मनांत घर करून बसली होती.

अशा वेळीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड यांनीं काबूलला आपला वकील पाठविला. त्याचें नांव अलेक्झांडर बर्न्स. हा स्कॉटलंडचा तरुण वयाच्या सोळाव्या वर्षीं कंपनीच्या मुंबई सैन्यांत दाखल झाला, देशी भाषा शिकला, आणि १८३२ सालीं काबूलमार्गें थेट बुखाऱ्यापर्यंत जाऊन आला. त्या प्रवासाचें त्याचें पुस्तक १८३४ सालीं प्रसिद्ध होतांच लंडनमध्यें त्याचा मोठा बोलबाला झाला. नोव्हेंबर १८३६ मध्यें तो मुंबईहून निघाला आणि सप्टेंबर १८३७ मध्यें काबूलला पोंचला. कामगिरी व्यापाराची म्हणून नेमलेली होती. परंतु तिला लौकरच राजकारणाचें स्वरूप आलें.

काबूलमध्यें सात महिने राहून बर्न्सनें दोस्त महंमदाला जवळून पाहिलें. त्याचें मत असें झालें कीं, हा मनुष्य कर्तबगार आहे आणि इंग्रजांची मैत्री त्याला मनापासून हवी आहे. पेशावरच्या बाबतींत त्याचें थोडेंबहुत समाधान केलें तर तो इराण व रशिया यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीं. डिसेंबरांत विट्केविच नांवाचा एक रशियन अधिकारी काबूलला आला, तरीही अमीर त्याला कित्येक आठवडे दूर ठेवून इंग्रजांच्या उत्तराची वाट पाहात राहिला. उत्तर आलें तें कोरडें. अमीरानें पेशावरचा नाद सोडावा, दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राशीं संबंध ठेवूं नये, आणि याच्या मोबदल्यांत रणजितसिंगांना त्याच्यावर चालून जाण्यापासून इंग्रज आवरतील. यापलीकडे देण्यासारखें ऑकलंडसाहेबांपाशीं कांहीं नव्हतें. याच साहेबांनीं १८३६ सालीं याच अमीराला लिहिलें होतें कीं, स्वतंत्र राज्यांच्या कारभारांत हात घालण्याची इंग्रज सरकारची रीत नाहीं! एप्रिल १८३८ च्या अखेरीस बर्न्स रिकाम्या हातांनीं काबूलहून निघाला.

परत आल्यावर सरकारचे चिटणीस मॅक्नॉटन यांनीं त्याचें मत विचारलें. २ जून १८३८ रोजीं त्यानें जें उत्तर धाडलें त्याला दोन बाजू होत्या. दोस्त महंमदाशींच सलोखा कां करतां येऊं नये, याचा सरकारनें फिरून विचार करावा, असें त्यानें स्पष्ट म्हटलें. त्याबरोबरच, शहा शुजाला गादीवर बसविण्याचें सरकारनें ठरविलेंच असेल, तर तें काम कसें साधेल हेंही त्यानें सांगितलें. चाकरी करणाऱ्या माणसाच्या सल्ल्यांत असा एक 'परंतु' नेहमींच असतो. सरकारनें 'परंतु'च्या पुढचें तेवढें उचललें. त्याच महिन्याच्या २६ तारखेस इंग्रज, रणजितसिंग व शहा शुजा या तिघांमध्यें तह झाला, आणि काबूलचा राजा बदलण्याचा बेत कायम झाला.

आतां हा बेत जगाला समजावून सांगावयास हवा होता. १ ऑक्टोबर १८३८ रोजीं सिमल्याहून जाहीरनामा निघाला. त्याची मांडणी एखाद्या निष्णात वकिलाच्या कैफियतीसारखी आहे. दोस्त महंमदानें इंग्रजांचे जुने मित्र रणजितसिंग यांच्यावर विनाकारण आणि अचानक हल्ला केला. इराणच्या भरंवशावर त्यानें अवास्तव मागण्या केल्या आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीला धोका पोंचविणारे बेत उघडपणें बोलून दाखविले. इराणनें हेरातला वेढा दिला आहे. शहा शुजा अफगाणांना प्रिय आहे, तो आपल्या स्वतःच्या फौजेनिशीं स्वदेशांत प्रवेश करील, इंग्रजांचें सैन्य केवळ त्याच्या पाठीशीं राहील, आणि तो गादीवर स्थिर झाला म्हणजे तें माघारी येईल. अशीं हीं कारणें, आणि अशीं हीं आश्वासनें.

तीं एकेक ताडून पाहूं. रणजितसिंगांवरील हल्ला म्हणजे एप्रिल १८३७ ची जमरूदची लढाई. शिखांचे नामांकित सेनापति हरिसिंग नलवा तींत पडले, हें खरें; परंतु जमरूदचा किल्ला खैबरच्या तोंडाशीं शिखांनींच बांधला होता, आणि पेशावर अफगाणांच्या हातून जाऊन पुरतीं तीन वर्षेंही लोटलीं नव्हतीं. तेव्हां 'विनाकारण' हा शब्द तेथें शोभत नाहीं. शहा शुजा प्रजेला एवढा प्रिय असता तर एकोणतीस वर्षें गादीविना काढण्याची पाळी त्याच्यावर येती ना, आणि त्याला घरीं पोंचविण्यास परक्या फौजेचीही गरज पडती ना. सर्वांत मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या रशियाच्या भीतीनें हा सारा खटाटोप चालला होता, त्या रशियाचें नांवही या जाहीरनाम्यांत आढळत नाहीं. जें कारण मनांत होतें तें कागदावर आलें नाहीं. आणि कागदावर जीं आलीं, तीं मनांत कितपत होतीं याचा संशय यावा.

आणि हेरात? हेरातचा वेढा ९ सप्टेंबर १८३८ रोजीं, म्हणजे जाहीरनाम्यापूर्वीं तीन आठवडे, उठलाच होता! मुंबईहून निघालेली एक लहानशी फौज जून महिन्यांत इराणच्या आखातांतील खार्ग बेटावर उतरली होती. तिचा धाक, इंग्रज वकिलानें दिलेली ताकीद आणि हेरातकरांची चिकाटी यांमुळें इराणचा शहा माघारा फिरला. वेढ्यांत शहराच्या बचावासाठीं झटणारा एल्ड्रेड पॉटिंजर हाही मुंबई तोफखान्याचाच एक तरुण अधिकारी होता. त्या काळीं तार नव्हती, आगगाडी नव्हती. तेव्हां १ ऑक्टोबरला ही बातमी सिमल्यास ठाऊक नव्हती, असें धरून चालूं. परंतु बातमी पोंचल्यावर तरी मोहीम थांबावयास हवी होती, कारण ज्या दुखण्यासाठीं हें औषध काढलें होतें तें दुखणेंच बरें झालें होतें. ८ नोव्हेंबरच्या हुकुमांत सरकारनें स्वतःच कळविलें कीं, हेरातचा वेढा उठला आहे. आणि त्याच हुकुमांत असेंही कळविलें कीं, मोहीम तथापि चालूच राहील. कारण नाहींसें व्हावें आणि कार्य तेवढें उरावें, हा आपल्या नैयायिकांनाही चकित करणारा प्रकार होता.

हें सर्व इंग्रज मुत्सद्द्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें काय? आलें होतें, आणि ज्यांच्या आलें होतें ते सामान्य लोक नव्हते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचें नांव आपल्या इकडे कोणाला ठाऊक नाहीं? पुण्याचे रेसिडेंट आणि पुढें मुंबईचे गव्हर्नर म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले हे गृहस्थ १८०९ सालीं पेशावरला याच शहा शुजाच्या दरबारीं वकील म्हणून गेले होते, आणि काबूलच्या राज्याविषयीं त्यांनीं १८१५ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. शुजाचें आणि त्याच्या देशाचें पाणी त्यांनीं जोखलेलें होतें. त्यांनीं बर्न्सला कळविलें कीं, फौजेला दाणापाणी पुरवितां आलें तर काबूल घेणें व शुजाला गादीवर बसविणें कठीण नाहीं; परंतु त्या दरिद्री, थंड आणि दूरच्या मुलखांत, तसल्या बेबंद लोकांमध्यें, त्याला तेथें टिकवून धरण्याची मला आशा दिसत नाहीं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचें मत असेंच होतें: लष्करी विजय जेथें संपेल, तेथून पुढें खऱ्या अडचणी सुरू होतील. माजी गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली आणि लॉर्ड बेंटिंक, तसेच सर चार्ल्स मेटकाफ, यांनींही या धोरणाला नांवें ठेविलीं.

यांपैकीं कोणीही इंग्रजी राज्याचा शत्रु नव्हता. हिंदुस्थानांतील तें राज्य ज्यांनीं वाढविलें त्यांच्यांतीलच हे लोक होते. म्हणून त्यांचा विरोध राष्ट्रद्रोहाचा होता असें म्हणण्याची सोय सरकारला नव्हती. पण त्याची गरजही पडली नाहीं. कारण त्यांचीं मतें बहुतेक खाजगी पत्रांत आणि खाजगी बैठकींतच राहिलीं. ज्यांच्या नांवानें युद्ध चालावयाचें त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांना तर कोणी विचारलेंही नाहीं. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष सर जॉन हॉबहाऊस यांनीं पुढें पार्लमेंटच्या एका कमिटीपुढें स्वच्छ सांगून टाकलें कीं, अफगाण युद्ध हें माझें कृत्य होतें, डायरेक्टरांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता.

मग सर्वसामान्य इंग्रज नागरिकानें आणि त्याच्या प्रतिनिधीनें आपलें मत बनवावें तें कशावरून? तेथें एक चांगली चाल होती. वादग्रस्त प्रकरणाचे कागदपत्र सरकार छापून पार्लमेंटपुढें ठेवीत असे. वेष्टनाच्या रंगावरून त्यांना 'निळीं पुस्तकें' म्हणत. १८३९ सालीं अफगाण प्रकरणाचें असें निळें पुस्तक पार्लमेंटपुढें आलें. त्यांत बर्न्सचीं काबूलहून लिहिलेलीं पत्रें होतीं. तीं वाचणाराची अशी समजूत होई कीं, दोस्त महंमद कावेबाज आहे, तो इंग्रजांच्या विरुद्ध पक्षाला मिळाला आहे, आणि जो आमचा माणूस प्रत्यक्ष काबूलला बसला होता त्याच्याच लेखी पुराव्यावरून सरकारला शस्त्र उचलणें भाग पडलें.

वस्तुस्थिति निराळी होती. अमीराच्या बाजूनें बर्न्सनें जें जें लिहिलें होतें त्याचा पुष्कळ भाग छापतांना कापून टाकण्यांत आला होता. कोठें परिच्छेदच्या परिच्छेद गेले होते, तर कोठें वाक्याचा अर्धा भाग. राहिलेला मजकूर खोटा नव्हता. त्यांतील अक्षर न् अक्षर बर्न्सचेंच होतें. तरी तीं पत्रें बर्न्सचीं उरलीं नव्हतीं. शाळेंत आम्ही मुलांना उताऱ्याचा सारांश लिहावयास सांगतों. सारांशांत पुष्कळ गाळावें लागतें, हें मान्यच आहे. परंतु लेखकाच्या म्हणण्याचा रोखच फिरेल अशा रीतीनें गाळलें, तर त्याला कोणी सारांश म्हणत नाहीं. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याची वार्ता सांगतांना धर्मराजानें निदान वाक्य पुरतें उच्चारलें होतें. शेवटचे शब्द शंखनादांत बुडाले. येथें शंखनादाचीही जरूर भासली नाहीं. कात्रीनें काम भागलें.

आपलीं पत्रें कशीं छापलीं गेलीं हें बर्न्सला कळलें, तेव्हां त्याचा संताप झाला. दोस्त महंमदाला हातीं धरण्यासाठीं आपण केलेल्या विनवण्या शहा शुजाच्या समर्थनासाठीं वापरल्या गेल्या, हें त्यानें मित्रांना लिहिलेल्या पत्रांत बोलून दाखविलें. पण तो चारचौघांत कांहीं बोलला नाहीं. त्याला 'सर' हा किताब मिळाला होता, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला होता, आणि ज्या राजाला बसवूं नये असें त्याला वाटत होतें त्याच राजाच्या स्वारीबरोबर तो काबूलला परत गेला होता. त्याला भित्रा म्हणणें सोपें आहे. परंतु नोकरी सोडून देण्याइतकें धैर्य आणि मुकाट्यानें हुकूम पाळण्याइतका निगरगट्टपणा, या दोहोंच्या मध्यें जगांतील बहुसंख्य प्रामाणिक चाकरमाने उभे असतात. बर्न्स त्यांच्यांतलाच एक होता. त्याच्या मौनाची किंमत मात्र फार मोठी पडली.

युद्धाची हकीकत थोडक्यांत सांगतों. बंगालची फौज फिरोजपुराहून निघाली. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखालीं जहाजांतून सिंधच्या किनाऱ्यास उतरली. तींत आपल्या कोंकणांतील आणि देशावरील शिपाईही होते. २३ जुलै १८३९ रोजीं गझनी पडली, ७ ऑगस्टला शहा शुजा काबूलांत शिरला. जाहीरनाम्याप्रमाणें आतां सैन्यानें परत यावयाचें; परंतु सैन्य निघालें तर शुजाही निघणार, हें उघड होतें. मुंबईची फौज परतली, तरी काबूलचें ठाणें हालेना. वेलिंग्टन व एल्फिन्स्टन यांचें भाकीत अक्षरशः खरें ठरलें. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबूलमध्यें उठाव झाला आणि पहिल्याच दिवशीं बर्न्स आपल्या धाकट्या भावासह मारला गेला. २३ डिसेंबरला मॅक्नॉटनचा वध झाला. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फांतून जलालाबादकडे निघाले. त्यांत हिंदी शिपायांचाच भरणा अधिक होता. घाटाघाटांत कत्तल झाली. थंडीनें हातपाय गळून पडलेले कित्येक हिंदी लोक वाटेंतच राहिले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटापाशीं डॉ. ब्रायडन हा एकटाच गोरा मनुष्य थकलेल्या घोड्यावरून पोंचला. शहा शुजाचा एप्रिलमध्यें खून झाला. आणि ज्याला काढण्यासाठीं हें सारें केलें, तो दोस्त महंमद १८४३ सालीं परत येऊन गादीवर बसला व १८६३ सालीं मरेपर्यंत त्यानें राज्य केलें!

नवे गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो यांनीं सैन्य परत बोलावल्याचा जाहीरनामा काढला, तोही सिमल्याहूनच. आणि त्यावर तारीख घातली १ ऑक्टोबर १८४२. बरोबर चार वर्षांनीं, त्याच गांवाहून, त्याच तारखेस, त्याच सरकारनें सांगितलें कीं, नाखूष प्रजेवर राजा लादणें हें इंग्रज सरकारच्या धोरणाशीं आणि तत्त्वांशीं विसंगत आहे.

आतां पार्लमेंटांतील वादाकडे वळूं. १८४२ सालीं बेली नांवाच्या सभासदानें बर्न्सचीं पत्रें संपूर्ण छापावीं अशी मागणी केली. ती फेटाळली गेली. १८४३ सालीं रोबक यांनीं युद्धाच्या कारणांची चौकशी मागितली; तीही नामंजूर झाली. त्या वेळीं सत्तेवर विरुद्ध पक्षाचें सरकार होतें, तरीही हें घडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या सरकारचीं दप्तरें उघडण्याची हौस नव्या सरकारला वाटते तितकी नसते. कारण आपलेंही दप्तर कधीं काळीं उघडलें जाईल, हें त्याला कळत असतें. इकडे मुंबईंत 'बाँबे टाइम्स' पत्राचे संपादक डॉ. बुइस्ट यांनीं १८४३ सालीं या मोहिमेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला व त्यांत युद्धाच्या धोरणावर कडक टीका केली. पुढें १८५१ सालीं जॉन विल्यम के यांनीं या युद्धाचा मोठा इतिहास लिहिला, आणि मूळ पत्रें हातीं घेऊन छापील पत्रांची काटछांट उघडकीस आणली. त्यानंतरही आठ वर्षें गेलीं, आणि १८५९ सालीं पत्रव्यवहार संपूर्ण छापला गेला.

१९ मार्च १८६१ रोजीं डन्लॉप या सभासदानें हाउस ऑफ कॉमन्समध्यें ठराव आणला कीं, या काटछांटीची चौकशी करण्यास कमिटी नेमावी. १८३९ सालीं परराष्ट्रमंत्री असलेले लॉर्ड पामर्स्टन आतां मुख्य प्रधान होते. त्यांचें उत्तर न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. ते म्हणाले त्याचा आशय असा: बर्न्सचीं मतें सरकारनें स्वीकारलींच नव्हतीं, सरकारचें धोरण त्यांवर उभारलेलें नव्हतें, मग जीं मतें धोरणाचा आधार नव्हतीं तीं छापण्याचें प्रयोजन काय? कांहीं मजकूर रशियाशीं संबंध बिघडूं नयेत म्हणून गाळला गेला, असेंही पुढील काळांतील संशोधकांनीं दाखविलें आहे. आणि परराष्ट्रांच्या पत्रव्यवहारांत कांहीं गोष्टी झांकून ठेवाव्या लागतात, हें कोणीही समंजस मनुष्य मान्य करील.

परंतु पामर्स्टन यांच्या उत्तरांतच त्यांचा पराभव आहे. बर्न्सचीं मतें सरकारनें नाकारलीं होतीं, तर तसें पार्लमेंटला सांगावयाचें होतें. आमच्या वकिलाचें मत एक आहे व आमचें दुसरें आहे, आणि आमच्या मताचीं कारणें हीं, असें म्हणण्यांत कमीपणा कोणता होता? तसें न करतां, बर्न्सचें मत सरकारसारखेंच होतें असा देखावा उभा केला गेला. जॉन ब्राइट यांनीं त्या दिवशीं हाच मुद्दा धरला: हीं पत्रें कापणारा हात कोणाचा होता, तें या सभेला कळलें पाहिजे. ठराव मोठ्या मताधिक्यानें पडला. तो हात कोणाचा, हें सभेला कळलें नाहीं.

आणि हिंदुस्थान? या युद्धाचा खर्च त्या काळच्या अंदाजानें दीड कोट पौंडांच्या घरांत गेला, आणि तो हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरण्यांत आला. युद्ध इंग्लंडच्या मंत्रिमंडळानें ठरविलें, इंग्लंडच्या हेतूंसाठीं ठरविलें, तर त्याचा भार इंग्लंडच्या करदात्यांवर पडावयास हवा होता, असें ब्राइट यांनीं १८५९ सालीं स्पष्ट म्हटलें. इंग्रज नागरिकाला निदान कापलेलीं पत्रें तरी दाखविलीं गेलीं. त्याची फसवणूक करणें कोणाला तरी आवश्यक वाटलें, हाही एक प्रकारचा मानच म्हटला पाहिजे. खानदेशांतील कुणब्याला किंवा बंगालच्या रयतेला पत्रें दाखविण्याचा, मग तीं कापलेलीं असोत कीं अखंड असोत, प्रश्नच उद्भवला नाहीं. त्यांच्याकडून हवा होता तो सारा आणि शिपाई.

हें सर्व जुनें झालें, असें कोणी म्हणेल. पण १८७८ सालीं दुसरें अफगाण युद्ध निघालें, तेव्हां पुन्हां तोच वाद झाला: तीच रशियाची भीति, तोच काबूलच्या दरबारीं आलेला रशियन वकील, आणि लॉर्ड लॉरेन्स यांच्यासारख्या माजी व्हाइसरॉयचा तसाच फुकट गेलेला विरोध. अगदीं आपल्या काळांतील गोष्ट घ्यावयाची तर २००३ सालचें इराक युद्ध घ्या. इराकजवळ भयंकर संहारक शस्त्रें आहेत, या कारणावरून ब्रिटिश सरकारनें पार्लमेंटची संमति घेतली. तीं शस्त्रें सांपडलीं नाहींत. चिलकट समितीचा अहवाल २०१६ सालीं बाहेर आला, आणि त्यांत असा निर्वाळा दिला गेला कीं, त्या धोक्याविषयींचे निष्कर्ष जेवढ्या खात्रीनें लोकांपुढें मांडले गेले तेवढी खात्री पुराव्यांत नव्हती. सारांशांतून 'परंतु' गाळण्याची विद्या अद्यापि लोपलेली नाहीं. फरक एवढाच कीं, १८३९ सालचे कागद बाहेर यावयास वीस वर्षें लागलीं, आणि २००३ सालचे तेरा वर्षांत आले. हीही प्रगतीच म्हणावयाची.

युद्धाच्या प्रसंगीं राष्ट्रांत मतभेद नसावा, सर्वांनीं एका सुरानें बोलावें, असें पुष्कळ सज्जनांना मनापासून वाटत असतें. त्यांच्या देशप्रेमाविषयीं मला आदर आहे. पण अफगाण युद्धाची हकीकत याच्या उलट साक्ष देते. एल्फिन्स्टन, वेलिंग्टन व बर्न्स यांचीं मतें १८३८ सालीं चव्हाट्यावर आलीं असतीं, तर सरकारला कदाचित् अडचण झाली असती. पण त्या खिंडींत गोठून पडलेले हजारों लोक कदाचित् घरीं राहिले असते. मतभेदानें सैन्य मेलें नाहीं. मतभेद दडपल्यानें मेलें. आणि मतभेद दडपण्यासाठीं कोणाला तुरुंगांत घालावें लागलें नाहीं, कोणतेंही वर्तमानपत्र बंद करावें लागलें नाहीं. लोकांना बोलण्याची मुभा होती. ज्यावर बोलावयाचें तो कागद मात्र आधींच कापलेला होता. अर्ध्या कागदावर घेतलेली संमति ही संमति नव्हे, आणि अर्ध्या कागदावर केलेला विरोधही आंधळाच असतो.

म्हणून कोणतेंही सरकार युद्धाचें कारण सांगूं लागलें, म्हणजे सुजाण नागरिकानें दोन गोष्टी विचाराव्या. तें कारण आजच्या तारखेस खरें आहे काय, कीं हेरातच्या वेढ्याप्रमाणें तें मागेंच उठून गेलें आहे? आणि ज्याच्या साक्षीवर तें उभें आहे, त्या साक्षीदाराचें म्हणणें आपण पुरतें ऐकलें आहे काय? हे प्रश्न वेळेवर विचारले पाहिजेत. बर्न्सचीं पत्रें पूर्ण छापून निघालीं, तेव्हां त्याच्या मृत्यूला अठरा वर्षें होत आलीं होतीं.